सभागृहाची किल्ली दुपारी दोनला द्या: खान्देशातल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे प्राचार्य व संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवते. या कामाला २२ वर्षं झाली. वर्गाच्या जोडीला नाटकाचं कामही माझ्याकडेच असतं. विद्यापीठाचा युवक महोत्सव, युवारंग, जवळ आला की मुलं गोळा करायची, एकांकिका बसवायची, लुगडी-धोतरं घरोघरून मागून आणायची आणि पोरांना घेऊन महोत्सवाला जायचं. हे काम मला कुणी लावून दिलेलं नाही. मला ते आवडतं म्हणून मी करते. त्या आवडीपायीच, तालमीच्या वेळेमुळे नाटक सुटणाऱ्या मुलींविषयी आज तुम्हाला लिहायला बसले आहे.

१२ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा मी दुसऱ्या एका महाविद्यालयात होते. आमच्या एकांकिकेत एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही. बाप शेतमजूर, गाव बारा किलोमीटरवर, ये-जा एसटीने. भूमिका एका विधवेची होती. नवऱ्याच्या तेराव्यालाच सावकाराचा माणूस दारात येऊन उभा राहतो आणि ती त्याला परत पाठवते. संहितेत त्या जागी प्रमाण मराठीतलं एक लांब वाक्य होतं. तिसऱ्या तालमीला या मुलीने ते आपणहून मोडलं आणि अहिराणीत म्हणाली, "मन्हा धनी गया, मन्हं वावर नही गयं." आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. पदर खोचत सहज म्हणाली. तालमीच्या खोलीत दहा-बारा पोरं होती, त्यांच्यात नेहमी कुजबुज चालायची. ती थांबली. इतक्या वर्षांत अशी शांतता मी दोनदा किंवा तीनदा ऐकली असेल.

प्रयोगाला आठ दिवस उरले असताना तिचे वडील कॉलेजात आले. भांडायला आले नव्हते. टोपी हातात धरून व्हरांड्यात उभे होते. म्हणाले, "ताई, शेवटली गाडी साडेपाचले जास. पोर सात वाजता सुटस. गावमा लोके बोलतस. मी काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सभागृह दिवसभर बैठका आणि परीक्षांसाठी राखलेलं असायचं, किल्ली कार्यालय बंद झाल्यावरच मिळायची, त्यामुळे तालीम संध्याकाळचीच. कॉलेजची गाडी मागितली, तर मुलींना सोडायला गाडी देण्याचा नियम नाही असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

तिची भूमिका मी एका मुलाला दिली. लुगडं तेच, वाक्यही तेच. मुलगा चांगला नट होता, त्याने कुठे काही कमी ठेवलं नाही. पण त्याने पदर खोचला आणि प्रेक्षागृह हसलं. तेराव्याच्या प्रसंगात, सावकाराच्या माणसासमोर, सगळं प्रेक्षागृह हसलं. त्याचा चेहरा मला विंगेतून दिसत होता.

जळगावला बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. त्यांच्या लहानपणाची काही वर्षं जळगावात गेली, गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांना तिथे मिळाले. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण पुरुषाने शालू नेसून रंगमंचावर येणं ही त्या काळाची अडचण होती. घरंदाज बाईने तिथे पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता. बालगंधर्वांनी त्या अडचणीतून एवढी मोठी कला उभी केली. आमच्या त्या मुलावर लुगडं नेसायची पाळी आली ती शेवटची गाडी साडेपाचला सुटते म्हणून. मध्ये शंभर वर्षं गेली आहेत.

आता अभिनेत्री स्मिता पाटीलविषयी. १७ ऑक्टोबर आणि १३ डिसेंबर, तिचा जन्मदिवस आणि तिचा स्मृतिदिन, या दोन तारखांना आपण तिला हमखास "खान्देशकन्या" म्हणतो. मीही म्हणते. पण आपण तिच्यावर नेमका कोणता हक्क सांगतो, हे एकदा नीट पाहायला हवं. तिचा जन्म १९५५ सालचा, पुण्याचा. शाळाही पुण्याची. काम मुंबईत उभं राहिलं. शिरपूर तिच्या वडिलांचं, शिवाजीराव गिरधर पाटलांचं. ते स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते, समाजवादी विचारांत वाढलेले, पुढे काँग्रेसमध्ये गेले, शिरपूरचे आमदार झाले, राज्यात मंत्री झाले, सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत पुढे होते. आई विद्याताई परिचारिका होत्या आणि समाजकार्यातही होत्या. घरावर राष्ट्र सेवा दलाचा संस्कार होता आणि लहानगी स्मिता सेवा दलाच्या कलापथकात होती.

मला या कलापथकापाशी थोडं थांबायचं आहे. गावोगाव फिरून गाणी-नाटकं करणारं कलापथक म्हणजे काय ते आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. मुलगे-मुली एकत्र तालमी करायचे, एकत्र प्रवास करायचे, परगावी शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचे, सकाळी पुढच्या गावी निघायचे. आईबाप मुलींना पाठवायचे, कारण पथकाबरोबर कोण आहे हे त्यांना माहीत असायचं. बरोबरची माणसं भरवशाची असायची. पुढे स्मिताला मोठमोठे दिग्दर्शक भेटले, पण त्याआधी तिला हा भरवसा मिळाला होता. खान्देशचा म्हणून काही वाटा तिच्या आयुष्यात असेल, तर तो तापीच्या पाण्यापेक्षा या घरच्या वळणाचा आहे असं मला वाटतं. आणि पुढच्या मुलींना देता येण्यासारखंही हेच वळण आहे.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि थोड्याच काळात तिथे मराठी बातम्या वाचणारी ही सावळी मुलगी लोकांच्या ओळखीची झाली. जीन्सवरच घाईघाईने साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यापुढे बसायची, असं तिचे सोबती सांगत आले आहेत. श्याम बेनेगल यांनी तिला 'चरणदास चोर'मध्ये घेतलं. तो मूळचा हबीब तन्वीर यांच्या नाटकाचा विषय, त्यामुळे पडद्यावरच्या तिच्या पहिल्या कामांपैकी एक रंगभूमीच्याच मातीतलं होतं. स्वतः तिने नाटकं मोजकी केली. वामन तावडे यांच्या 'छिन्न'मध्ये ती सदाशिव अमरापूरकरांबरोबर उभी राहिली.

जब्बार पटेल यांचा 'सामना' आला तेव्हा ती विशीच्या आसपास होती. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट साखर कारखान्याच्या सत्तेवर, त्या सत्तेने गिळलेल्या माणसावर बोट ठेवतो. सहकारात आणि राजकारणात वावरणाऱ्या घरातली मुलगी, आणि काम केलं ते या चित्रपटात. संस्थाचालक मंडळींपैकी बरेचजण सहकारातले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. आपल्या घरातली मुलगी अशी भूमिका करायला निघाली, तर आपण काय म्हणू?

१९७६ साली दूध सहकारावरचा 'मंथन' आला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला होता. त्याची एक आठवण वारंवार सांगितली जाते. चित्रीकरण बघायला आलेल्यांनी विचारलं, हिरोईन कुठे आहे? बायकांच्या घोळक्यात एक मुलगी बसली होती, तिच्याकडे कुणीतरी बोट दाखवलं, तर लोकांना खरं वाटेना. ही गोष्ट मी मुलींना दरवर्षी सांगते, कारण आमच्या मुलींना लहानपणापासून ऐकवलेलं असतं की तुझा रंग असा, तू कशाला नाटकात. स्मिताचा सावळा चेहरा पडद्यावर आला की त्या खुर्चीत जराशा पुढे सरकतात. मी ते बघितलं आहे. २०२४ साली हाच चित्रपट नव्याने दुरुस्त होऊन कान महोत्सवात दाखवला गेला. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत घरोघरी दूध घातलं जातं, तरी तो पाहिलेली विद्यार्थिनी मला अजून भेटलेली नाही.

'भूमिका' ही हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरून घेतलेली गोष्ट. मराठी पडद्यावर गाजलेल्या एका नटीचं आयुष्य, पोरवयापासून प्रौढपणापर्यंत. आणि ते उभं करणारी स्मिता जेमतेम बावीस वर्षांची. त्यातली उषा घरासाठी कमावते आणि घरातच तिला थारा नसतो. जिच्या पैशावर चूल पेटते तिलाच चारित्र्याचे प्रश्न विचारले जातात. या भूमिकेसाठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा मिळाला 'चक्र'साठी. त्यासाठी ती मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जाऊन बसायची, तिथल्या बायका कशा बसतात, कशा बोलतात हे बघायची. आमच्या मुलींना त्यासाठी कुठे जावं लागणार नाही. त्यांची आई तशीच बसते, तशीच बोलते.

'जैत रे जैत'मधली चिंधी मला तिच्या सगळ्या कामांत जवळची. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट ठाकरांचा, कोकणाच्या डोंगरांतला. पण त्यातली गाणी लिहिली ती ना. धों. महानोरांनी. पळसखेड्याच्या शेतातला हा कवी कॉलेज शिकायला जळगावला आला होता. म्हणजे स्मिता नाचते त्या शब्दांत आपल्या सीमेवरच्या पिकांचा, पाखरांचा वास आहे. चिंधीला नवरा नकोसा झाला आहे आणि ती ते लपवत नाही. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल घरांतल्या माझ्या विद्यार्थिनींना चिंधी समजावून सांगावी लागत नाही. समजावून सांगावं लागतं ते आम्हा गावातल्यांना.

तिने 'शक्ती', 'नमक हलाल' हेही केलं. त्याविषयी माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. 'उंबरठा' मात्र एकदा तरी प्रत्येक पालक मेळाव्यात दाखवावा असा आहे. चांगल्या घरातली सुलभा काम करायला बाहेर पडते, आणि परत आल्यावर घरात तिची जागा उरलेली नसते. तिचा नवरा वाईट माणूस म्हणून दाखवलेला नाही, यात त्या चित्रपटाचं खरं बळ आहे.

आणि 'मिर्च मसाला'. हा ती गेल्यानंतर १९८७ साली प्रदर्शित झाला. सुभेदाराच्या वासनेपासून जीव वाचवायला सोनबाई मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा राखणदार दार लावून घेतो आणि आतल्या बायकांना ठरवायचं असतं की हिला बाहेर काढून द्यायचं की दार धरून ठेवायचं. आपल्या नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथाऱ्या आहेत. हिवाळ्यात मैदानंच्या मैदानं लाल होतात, शेकडो बायका उन्हात बसून देठं खुडतात, तोंडाला फडकं बांधूनही खोकत असतात, रात्री हातांची आग थांबत नाही. त्यांच्या मुली आपल्या कॉलेजांत आहेत. मी एकदा अशाच तीन मुलींना माझ्या लॅपटॉपवर हा चित्रपट दाखवला. शेवटी बायका तिखट उधळतात तेव्हा त्यांतली एक तोंडावर ओढणी धरून उठून बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. थोड्या वेळाने आत आली आणि म्हणाली, "मॅडम, हे आपण बसवूया." पथारीवरची मिरची कशी पसरायची, देठ कसं खुडायचं, खोकला कसा दाबायचा, सगळं तिच्या हातात होतं. तालमीच्या वेळेचा प्रश्न आला आणि ते राहून गेलं.

स्मिता १३ डिसेंबर १९८६ला गेली, बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांनी. एकतीस वर्षं आणि वर दोन महिन्यांना काही दिवस कमी. आदल्या वर्षी पद्मश्री मिळाली होती. एवढ्या लहान आयुष्यात मराठी, हिंदीबरोबरच गुजराती, बंगाली, मल्याळम चित्रपटांत तिने काम केलं. वय कमी पडलं असं आपण म्हणतो. पण मिळालेलं एकही वर्ष तिचं वाट बघण्यात गेलं नाही, हेही खरं आहे.

आमची ती मुलगी आता बत्तिशीच्या आसपास आहे. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली होती. मी त्या गावावरून जात होते म्हणून थांबले. निंबाला झोका बांधला होता, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, तिची दोन मुलं झोक्यावर होती. तिने मला पुरणपोळी आणि आंब्याचा रस वाढला. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "मॅडम, ते माझं वाक्य मग कोणी म्हटलं?" मी सांगितलं, एका मुलाने. लोक हसले हे नाही सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे अडवतो? पालकच पाठवत नाहीत. महोदय, त्या वडिलांनी मला नाटक करू देणार नाही असं म्हटलंच नव्हतं. त्यांनी गाडीची वेळ सांगितली होती. पालकांचा प्रश्न म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्यातला निम्मा तरी वेळापत्रकाचा प्रश्न आहे असं माझ्या अनुभवावरून मी ठामपणे सांगते. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्याचा मुलींना फार उपयोग झाला. पण संध्याकाळी गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाने काय होणार? आगाराला कॉलेजच्या लेटरहेडवर एक पत्र गेलं तर महोत्सवाच्या महिन्यापुरती फेरी तासभर पुढे सरकू शकते. प्राध्यापकाने तोंडी विनंती करणं वेगळं आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र जाणं वेगळं.

तालीम कॉलेजच्या वेळेतच व्हायला हवी, दुपारी दोन ते साडेचार. त्यासाठी दोन तासिका सोडाव्या लागतील. क्रीडा स्पर्धांसाठी आपण त्या सोडतो आणि ते योग्यच आहे. तालमीला एक प्राध्यापिका शेवटपर्यंत हजर राहील आणि मुली गाडीत बसल्याशिवाय ती घरी जाणार नाही, हे पालकांना कॉलेजने लिहून द्यावं. गाडी चुकलीच, तर कॉलेजच्या वाहनाने मुलीला तिच्या दारापर्यंत सोडावं. सेवा दलाच्या कलापथकात आईबाप मुली पाठवायचे ते याच भरवशावर. तो भरवसा आता कॉलेजने द्यायचा आहे. आणखी एक. मुलींना अहिराणीत, पावरीत, भिलोरीत बोलू द्या. परीक्षकांना कळणार नाही ही भीती मी मनातून काढून टाकली आहे. माझ्या त्या मुलीचं वाक्य कळायला कुणालाही अडचण आली नसती.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की सांस्कृतिक विभागाकडे मुलींचे रंगमंचावरचे फोटो मागितले जातात. मी दरवेळी ते काढून देते. त्या फोटोंतल्या कितीतरी मुली पुढच्या वर्षी मंचावर नव्हत्या, हे मला माहीत असतं.

यंदाच्या १७ ऑक्टोबरला माझ्या महाविद्यालयात 'मिर्च मसाला' दाखवायचा माझा विचार आहे. पडदा माझ्या घरी आहे, प्रोजेक्टर मी आणते. चित्रपटानंतर मुली बसतील, पथारीवरच्या आयाही येतील. त्यांच्याकडूनच ऐकून आम्ही एकांकिका लिहायला घेऊ. ती मुलगी, जी ओढणी तोंडावर धरून बाहेर गेली होती, यंदा शेवटच्या वर्षाला आहे. तिचं गाव सोळा किलोमीटरवर. तिकडची शेवटची गाडी पावणेसहाला सुटते.

माझ्या प्राचार्यांना मी अर्ज दिला आहे. तुम्ही तुमच्या कॉलेजात हे करणार असाल तर त्यांनाही बळ येईल. सभागृहाची किल्ली दुपारी दोनला मिळावी, एवढंच त्यात लिहिलं आहे.

आपली नम्र,
मराठीची एक प्राध्यापिका
तापीकाठ, खान्देश